धुराची वाट कोणीं झाडावी?

घरांत अग्नि पेटविणें हें मानाचें काम समजलें जातें. धुराची वाट झाडणें हें मात्र कोणासच आपलें वाटत नाहीं. चूल पेटली, भात शिजला, खोलीस ऊब आली, म्हणजे आपलें लक्ष संपतें. त्या अग्नीचा धूर कोणत्या वाटेनें गेला आणि ती वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें पाहण्याची आठवण क्वचितच कोणास होते. ह्या विषयावर आम्ही आज चार शब्द लिहिणार आहों. विषय लहान दिसला तरी त्यापायीं एका कुटुंबाचे प्राण जातां जातां वाचले, व त्या रात्रीं त्या घरांत आम्हीहि होतों. म्हणून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या वडील माणसांनीं तो क्षुल्लक मानूं नये अशी विनंती आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं व्हर्माँट ह्या डोंगराळ संस्थानांत राहतो. मागील नाताळच्या सुटीस जोडून रजा घेऊन आम्ही त्याच्याकडे पांच आठवडे राहून आलों. हा प्रांत कॅनडाच्या सरहद्दीस लागून आहे. तेथील थंडीची कल्पना महाबळेश्वरच्या थंडीवरून येणार नाहीं. रात्रीं पारा शून्याखालीं २० अंशांपर्यंत उतरतो व अंगणांत गुडघाभर बर्फ पडलेलें असतें. अशा ठिकाणीं शेगडी ही चैनीची वस्तु नव्हे. घर उबदार राहिलें नाहीं तर भिंतींतील नळांचें पाणी गोठून नळ फुटतात, मग माणसांची कथा काय?

ह्या विद्यार्थ्याच्या घरीं जी शेगडी आहे तिच्यांत लांकडें अथवा कोळसे घालीत नाहींत. लांकूड कापण्याच्या गिरण्यांतून जो भुसा निघतो तो वाळवून, मोठ्या दाबाखालीं बारीक भोंकांच्या लोखंडी सांच्यांतून दाबून काढतात. त्याच्या पेन्सिलीच्या जाडीच्या व सुमारें इंचभर लांबीच्या कांड्या होतात. त्यांस तिकडे पेलेट म्हणतात. त्यांत डिंक किंवा सरस घालावा लागत नाहीं. लांकडांत लिग्निन नांवाचा पदार्थ मुळांतच असतो. तो उष्णतेनें मऊ होऊन भुशास धरून ठेवतो. टाकाऊ भुशाचें जळण करण्याची ही युक्ति १९७० नंतर, खनिज तेल महागलें तेव्हां, अमेरिकेंत पुढें आली. आणि घरगुती शेगड्या १९८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आल्या. शेगडीच्या पेटींत एक पोतें ओतलें म्हणजे आंतील मळसूत्र सावकाश फिरून थोडथोड्या कांड्या जळणाच्या वाटींत टाकीत राहतें. विजेचा एक पंखा जळण्यास लागणारी हवा ओढून धूर नळीवाटें घराबाहेर लोटतो; दुसरा पंखा तापलेली स्वच्छ हवा खोलींत सोडतो.

“सर, हिच्याकडे पाहावें लागत नाहीं. पोतें ओतलें कीं काम झालें,” असें आमच्या विद्यार्थ्यानें पहिल्याच दिवशीं मोठ्या कौतुकानें सांगितलें. आम्हांसहि तें पटलें. पुढें जो प्रसंग ओढवला तो ‘पाहावें लागत नाहीं’ ह्या तीन शब्दांतूनच ओढवला.

आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या आठवड्यांत शेगडीची ज्योत बदलली. आधीं ती आंखूड, उजळ पिवळी व चपळ असे. आतां ती लांब, नारिंगी व मंद होऊन डोलूं लागली. पुढच्या कांचेवर काळी काजळी धरूं लागली. आम्ही सर्व जण संध्याकाळीं तिच्यापुढें बसून, ज्योत पूर्वीपेक्षां फारच सुंदर दिसते, असें म्हणत होतों! दोन दिवसांनीं घरांतील नऊ वर्षांची मुलगी सकाळीं उठतांना डोकें दुखतें अशी तक्रार करूं लागली. शाळेंत गेली कीं तिचें दुखणें थांबे. तिच्या आईस मळमळूं लागलें. आम्हीं वडीलपणानें सल्ला दिला कीं मुलीनें रात्रीं लवकर निजावें आणि आईनें आल्याचा काढा घ्यावा.

त्यानंतरच्या एका रात्रीं दोन वाजण्याच्या सुमारास जिन्याजवळ भिंतीस लावलेली एक लहानशी पांढरी डबी कर्कश ओरडूं लागली. ती कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारी डबी होती. मुलीच्या आईनें तो आवाज ओळखला. तिनें मुलीस पांघरुणासकट उचललें व आम्हां सर्वांस उठवून बर्फांत बाहेर काढलें. अग्निशामक दलाचीं माणसें आलीं. त्यांनीं मापकयंत्र घेऊन घर तपासलें, दारें-खिडक्या उघडून दिल्या, आणि शेगडीच्या मागें बोट दाखविलें. धुराची नळी राखेनें कोंदली होती, आणि तिच्या एका सांध्याचें लुकण सुटलें होतें. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सर्वांनीं दवाखान्यांत जाऊन रक्त तपासून घेतलें. देवाच्या दयेनें कोणास कायमचा अपाय झाला नव्हता.

बाहेर बर्फांत उभे असतां आम्हांस थंडीइतकेंच लाजेनेंहि कांपरें भरलें होतें. चोवीस वर्षें आम्ही हा वायु वर्गांतील फळ्यावर लिहीत आलों आहों. हवा अपुरी पडली म्हणजे लांकूड, कोळसा किंवा गॅस अर्धवट जळून हा वायु होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हीमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक ओढीनें धरून ठेवतें. म्हणून श्वास चालू असूनहि शरीर प्राणवायूवांचून तळमळतें. हें सर्व आम्हीं कितीदां शिकविलें असेल! डोकेंदुखी, मळमळ, चक्कर, एकाच घरांतील अनेकांस एकाच वेळीं होणारा त्रास, आणि घराबाहेर पडतांच वाटणारा आराम, हीं लक्षणेंहि आम्हांस मुखोद्गत होतीं. परीक्षेंत हा प्रश्न आला असता तर आम्हीं पैकीच्या पैकी गुण मिळविले असते. घरांत तो प्रश्न आला तेव्हां आम्हीं आल्याचा काढा सांगितला. आमचें हें वैगुण्य येथें मुद्दाम छापून देत आहों, कारण तें केवळ आमचें एकट्याचें नाहीं, आमच्या सर्व शिक्षणाचें आहे, असें आम्हांस वाटतें.

दुसऱ्या दिवशीं शेजारचे एक वृद्ध शेतकरी आले. त्यांचा सारा जन्म गाईंच्या गोठ्यांत गेलेला. त्यांनीं आमच्या विद्यार्थ्यास एवढेंच विचारलें, “मागें नळी उघडलीस त्यानंतर किती पोतीं जाळलींस?” पोतीं शंभरावर गेलीं होतीं, आणि नळी एकदांहि उघडलेली नव्हती. तेव्हां त्यांनीं जें गणित सांगितलें तें आमच्या विद्यार्थ्यांनींहि करून पाहावें. एक पोतें ४० पौंडांचें, म्हणजे सुमारें १८ किलोंचें. ५० पोतीं म्हणजे सुमारें ९०० किलो, ज्यास तिकडे एक टन म्हणतात. चांगल्या जळणांत शेंकडा एक भाग राख धरली तरी एका टनामागें नऊ किलो राख होते. तींतील बहुतेक खालच्या ताटलींत पडते. परंतु जी पिठासारखी बारीक असते ती धुराबरोबर उडून नळीच्या वांकणांत व आडव्या भागांत बसते. नळीचा व्यास तीन इंच. आंतून चोहोंकडून अर्धा अर्धा इंच राख बसली तर मोकळा व्यास दोन इंच उरतो. वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें वाट नवांत चार, म्हणजे निम्म्याहूनहि कमी राहते. अर्धा इंच राख डोळ्यांस थोडी दिसते. गणितास ती थोडी दिसत नाहीं.

दुसरी गोष्ट अशी. विटांच्या जुन्या धुराड्यांत गरम धूर आपल्या हलकेपणानें वर चढतो, आणि धुराड्यास फट पडली तर बहुधा खोलींतील हवाच आंत ओढली जाते. ह्या शेगडीचें उलट आहे. येथें पंखा धूर नळींत लोटतो, नळींत दाब असतो, आणि फट सांपडली कीं धूर घरांत शिरतो. पुढें वाट कोंदलेली, मागून पंख्याचा रेटा, मध्यें सुटलेला सांधा: त्या रात्रीं हेंच घडलें. दाब बिघडल्यास मळसूत्र थांबविणारी एक कळ शेगडींत असते खरी. परंतु कळेवर सर्व भार टाकून निजणें शहाणपणाचें नाहीं.

मग प्रत्यक्ष सफाई झाली. शेगडी रात्रींच विझविली होती. तरी त्या वृद्ध गृहस्थांनीं हात लावून ती पूर्ण थंड झाल्याची खात्री केली व विजेची जोडणी काढून ठेविली. जमिनीवर जुनी चादर अंथरली. नाकातोंडावर पट्टी, डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालण्यास लावलें. शेगडीमागून निघालेली नळी जेथें वर वळते तेथें इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा सांधा असतो, व त्याच्या तळाशीं झांकण असतें. खालीं बादली धरून झांकण काढतांच करड्या राखेचा ढीग धप्पकन् पडला. लवचिक काठ्या एकीस एक जोडून, टोंकास नळीच्या मापाचा गोल ब्रश लावून, तो नळींतून पार शेवटपर्यंत फिरविला. बाहेरच्या तोंडावरील जाळी काढून झाडली. शेवटीं धूर लोटणारा पंखा उघडून त्याच्या पात्यांवरील राख काढली. कारण पुष्कळ लोक नळी झाडतात आणि पंखा विसरतात. सुटलेल्या सांध्याचें जुनें लुकण खरवडून उष्णता सोसणारें नवें लुकण भरलें, आणि तें वाळेपर्यंत शेगडीस कोणी हात लावला नाहीं. मुलगी दूर उभी राहून विजेरी धरीत होती व प्रत्येक वस्तूचें नांव विचारीत होती. सारें काम दोन तासांत आटोपलें. सायंकाळीं शेगडी पुन्हां पेटली तेव्हां ज्योत आंखूड, उजळ व चपळ होती. ती आम्हांस आतां खरी सुंदर दिसली.

जातां जातां त्या गृहस्थांनीं तीन सूचना दिल्या. राख नेहमींच्या धूळ ओढण्याच्या यंत्रानें ओढूं नये. बारीक राख त्याच्या गाळणींतून निसटून घरभर होते, आणि एखादा निखारा जिवंत असला तर यंत्रच पेट घेतें. काढलेली राख घट्ट झांकणाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून घराबाहेर दगडावर ठेवावी. वरून थंड दिसणाऱ्या राखेंत निखारा कित्येक दिवस जगतो. आणि नळी हिवाळा सुरू होण्यापूर्वींच नव्हे, तर संपतांच झाडावी; कारण उन्हाळ्यांत राख हवेंतील ओल शोषून नळीच्या पत्र्यास खाते व आंत खरपुडीप्रमाणें घट्ट बसते. दर टनामागें एकदां तरी झांकण उघडावें, हा त्यांचा नियम.

आतां कोणी म्हणेल, “एवढें सर्व आपण कशास करावें? पैसे टाकले कीं माणूस मिळतो.” जाणत्या कारागिरास वर्षांतून एकदां बोलवावें, त्यांत गैर कांहीं नाहीं, उंच छपरावर चढण्याचें काम त्यानेंच करावें. परंतु धुराची वाट म्हणजे दुसऱ्या कोणाचें तरी काम, असें एकदां मनानें घेतलें म्हणजे समाज कोठवर जातो, ह्याचें उदाहरण इतिहासांत आहे. अठराव्या शतकांत इंग्लंडांत घरोघर कोळसा जळत असे, व धुराडीं अरुंद व वांकडीं असत. तीं झाडण्यासाठीं गरिबांचीं कोंवळीं मुलें आंत चढविलीं जात. त्यांचीं कोपरें-गुडघे सोलून निघत. कित्येक मुलें आंत अडकून गुदमरलीं. काजळीमुळें ह्या धंद्यांतील माणसांस कर्करोग होतो, हें पर्सिव्हल पॉट ह्या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं लिहून ठेविलें. १७८८ सालीं एक कायदा झाला. तो पाळला गेला नाहीं. १८०३ सालीं जॉर्ज स्मार्ट ह्यानें पोकळ काठ्या जोडून पुढें ब्रश लावलेलें साधन तयार केलें. व्हर्माँटच्या घरांत आम्हीं पाहिलेला ब्रश त्याच कुळांतला. म्हणजे मुलें चढविण्याचें कारण बहुतांशीं उरलें नव्हतें. तरी मुलें चढतच राहिलीं. १८४० आणि १८६४ सालचे कायदेहि अपुरे ठरले. शेवटीं १८७५ सालीं केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर नांवाच्या लहान मुलाचा अशाच कामापायीं मृत्यु झाला, तेव्हां लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्यांच्या खटपटीनें त्या वर्षीं जो कायदा झाला त्यानें ही प्रथा बंद पडली.

१८०३ पासून १८७५ पर्यंत ७२ वर्षें होतात. ह्या ७२ वर्षांत ब्रशहि होता आणि मुलेंहि चढत होतीं. उणीव साधनाची नव्हती. ब्रशासाठीं धुराड्याचीं वांकणें सुधारावीं लागतीं, गालिचे उचलावे लागते, थोडी राख दिवाणखान्यांत उडाली असती. गरिबाचें मूल त्याहून स्वस्त होतें. इंग्रजांस हंसण्याचें मात्र आपणांस कारण नाहीं. हातानें मैला उचलण्याची प्रथा बंद करणारा कायदा आपल्या देशांत १९९३ सालीं झाला व २०१३ सालीं दुसरा अधिक कडक कायदा करावा लागला, तरी गटारांत उतरून माणसें आजहि मरतात. घाण आपली आणि ती काढणारा दुसरा, ही वांटणी जेथें पक्की होते तेथें काढणाऱ्याच्या जिवाची किंमत उतरते. आणि घाण करणाराहि सुरक्षित राहत नाहीं, कारण आपल्या घरांत काय साचलें आहे हें त्यास कळेनासें होतें.

आमच्या येथील पालक म्हणतील कीं आपल्याकडे पेलेटची शेगडी कोठें आहे? ती नाहीं हें खरें. परंतु ज्यांच्या घरीं तांब्याचा पाण्याचा बंब होता त्यांस आठवत असेल कीं मधल्या नळींत काजळी दाटली म्हणजे धूर उलटा न्हाणीघरांत येई व पाणी तापण्यास वेळ लागे. बंब गेले आणि गॅसवर चालणारे गीझर आले. बंद न्हाणीघरांत अशा गीझरामुळें माणसें दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यांत वर्तमानपत्रांतून येतात. थंडीच्या दिवसांत दारें लावून कोळशाची शेगडी उशाशीं घेऊन निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत. वायु तोच, कारण तेंच: अग्नि आंत घेतला आणि धुरास वाट ठेविली नाहीं. व्हर्माँटच्या मुलीचें डोकें दुखलें तसें कोणाचें मूल न्हाणीघरांतून बाहेर येतांना चक्कर येते म्हणालें, तर त्यास काढा देण्यापूर्वीं खिडकी उघडावी आणि गीझर पाहावा.

म्हणून आमचें मत असें आहे कीं प्रत्येक घरांतील मुलामुलींस, त्यांच्या वयास झेपेल त्या मानानें, घरांतील अग्नीची व त्याच्या धुराची वाट दाखविली पाहिजे. नळी कोठून निघते, कोठें जाते, तिचें तोंड पक्ष्याच्या घरट्यानें किंवा रंग देणाऱ्याच्या कागदानें बुजलें नाहीं ना, हें त्यांनीं पाहून यावें. हें काम मुलींचें, हें मुलांचें, हें मोलकरणीचें, अशी वांटणी करूं नये. विज्ञानाच्या तासास आम्हीहि आतां केवळ वायूचें सूत्र लिहून थांबणार नाहीं. ह्या वर्षापासून आमच्या वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या घरच्या धुराच्या वाटेचें चित्र काढून आणावयाचें आहे, आणि तें पुस्तकांत पाहून नव्हे, तर भिंतीपलीकडे स्वतः जाऊन.

उन्हाळा लागतां लागतां व्हर्माँटहून त्या मुलीचें पत्र आलें. शाळेंतल्या मराठीइतकी तिची मराठी शुद्ध नाहीं, तरी मजकूर स्पष्ट होता. “काका, हिवाळा संपला. आम्ही नळी उघडली. बाबांनीं ब्रश फिरवला, आईनें बादली नेली, मीं लाइट धरला. राख थोडीच निघाली.” त्या पत्राचें उत्तर आम्हीं त्याच दिवशीं धाडलें, आणि मग उठून आपल्या न्हाणीघरामागें जाऊन गीझराची नळी पाहिली. तिच्या तोंडाशीं चिमणीनें काड्या आणून ठेविल्या होत्या.